दोन टोपल्या आणि साबणाची वडी

त्या दोन टोपल्या आजही डोळ्यांपुढे येतात. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार म्हणून निवृत्त झालो, आणि तेही कुणाच्या वशिल्याने नाही.

दादरच्या किनाऱ्यावर दोन सख्खे भाऊ मासेमारी करायचे. बोलणं बंद. हॉटेलवाल्यांना शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, जिवंत लागतात, म्हणून दोघेही त्या टोपलीत घालून, टोपली दोरीनं खडकाला बांधून पाण्यात ठेवायचे. एका सकाळी थोरल्याच्या सगळ्या मेल्या. शेजारीच धाकट्याच्या ठणठणीत. त्यात शिवाजी पार्कावर फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांचा ठाण्यात फोन आला: धाकटा भावाच्या टोपलीत बाटली ओतताना दिसला.

थोरला ओरडतच ठाण्यात शिरला. "यानंच विष घातलं, साहेब! गुन्हा लिहा."

धाकट्याला जहाजावर नोकरी लागली होती. पोलिसांचा दाखला तेवढा बाकी होता. गुन्हा नोंदला की नोकरी गेली. तरी गडी तोंड उघडेना. मी चहा मागवला. मारलं की माणूस आपल्याला हवं तेच बोलतो; खरं बोलायला त्याला बसू द्यावं लागतं.

"बाटलीत काय होतं रे?"

"पाणी. समुद्राचंच. बुडी मारून खालून आणलेलं. त्याच्या शेवंडी माना टाकत होत्या."

"मग टोपलीच खाली सोडायची ना, शहाण्या!"

"दुसऱ्याच्या दोरीला हात लावला की आमच्यात चोर म्हणतात, साहेब. हा तर वाटच बघतोय."

खालचं पाणी वेगळं कसं? मला चैन पडेना. पंच घेऊन किनाऱ्यावर गेलो. धाकट्याची दोरी लांब, टोपली तळाला. थोरल्याची आखूड, टोपली वरच्यावर. मी कोकणातला. खाऱ्या पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. वरचं पाणी बादलीत घेऊन साबण चोळला, तर फेस! धाकट्याला बुडी मारायला लावून खालचं आणलं, तर साबण नुसता चिकटला. पंच माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. बघू देत. वर गोडं पाणी होतं, आणि पावसाचा तर पत्ता नव्हता.

तिथून थेट सांडपाण्याच्या केंद्रावर. तिथले इंजिनीअर म्हणाले, "कालपासून पंप दुरुस्तीला बंद आहेत. एरवी पाणी गाळून लांब नळानं खोल समुद्रात सोडतो. सध्या नाल्यातून किनाऱ्यालाच जातंय. सांडपाणी गोडं, म्हणून हलकं. समुद्रावर सायीसारखं पसरतं." शेवंडीला गोडं पाणी सोसत नाही, शिवाय घाण कुजताना पाण्यातली हवा खाते. थोरल्याची टोपली नेमकी त्या सायीत लटकत होती.

थोरल्याला समोर बसवलं. "तुझी दोरी आखूड का?"

तो म्हणाला, "घरातून टोपली दिसावी म्हणून. हा चोरेल, असं वाटायचं."

गुन्हा नोंदला नाही. धाकट्याच्या दाखल्याचा अहवाल मी स्वतः लिहिला.

तो जहाजावर निघायच्या आधी मी मुद्दाम किनाऱ्यावर गेलो. थोरल्यानं नवी लांब दोरी आणली होती. तिचं टोक त्यानं भावापुढे धरलं.

"तूच सोड रे. किती खोल, ते तुला ठाऊक."

"मागनं चोर म्हणशील."

"साहेब उभे आहेत ना? सोड गपचूप."

माणूस ज्याच्यावर नजर ठेवून बसतो, त्याच्यापलीकडचं त्याला दिसत नाही. तपास करणाऱ्यालाही हेच लागू. नाल्याकडे त्या दिवशी कुणाचीच नजर नव्हती. आता मी फिरायला जाताना खिशात साबणाची वडी ठेवतो. बायको हसते. हसू दे.