मापाचे चमचे

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि घरोघरी जेवायला पाहुण्यांची रीघ. आईचा खरा सण तोच. त्या दिवशी चूल फक्त तिची, आणि चंद्रपूरहून जाताना तिच्यासाठी स्वयंपाकाची एखादी वस्तू न्यायचा मान माझा. आजवर लोखंडी कढई नेली, दगडी खल नेला, लांब दांड्याचा झारा नेला. प्रत्येक वस्तू ती उलटीपालटी करून, वाजवून बघायची आणि "बरी आहे" म्हणायची. त्याहून मोठी शाबासकी तिच्याकडे नव्हती.

यंदा मी फोनवर विचारलं, काय आणू?

"मापाचे चमचे आन. लहानमोठे येते ना, तसे."

मी कान टवकारले. मुठीने आणि चिमटीने गावजेवणाचं रांधणारी बाई ही, हिला मापाचे चमचे कशाला?

"काऊन?"

"आन म्हटलं तर आन ना वं!"

हे वहिनीचंच काम, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वहिनी सिरोंच्याकडची, गोड बोलणारी. गोड बोलणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून भरवसा नाही. त्यात दादा वर्षभर मागे लागलेला, आईचं वय झालं, मंडईला स्वयंपाकी लावू म्हणून. म्हणजे दोघांनी मिळून तिला चुलीवरून उठवायचा घाट घातलाय! चमचे घेतले, पण दुकानदारावर डाफरत घेतले.

गावी पोचले ती डोळ्यांत तेल घालूनच. दिसलं तेही सगळं संशयाचं. आई चमच्यात मीठ भरायची, बोटाने सपाट करायची, मग रश्श्यात टाकायची. मागाहून वहिनी वाटीत थोडं घेऊन चाखायची आणि म्हणायची, "चांगलं झालं, अत्तम्मा." तेलुगूत सासूला असंच म्हणतात. आई स्वतः जिभेला काही लावतच नव्हती. शेवटी वहिनीला अंगणात गाठलं.

"आईच्या हाताले चव नाई राह्यली काय वहिनी, तुम्ही चाखून पाहता ते?"

"त्यांनाच विचारा," एवढं म्हणून ती बादली उचलून निघून गेली. बघा, खरं सांगायची छाती नाही!

तेवढ्यात भात करपल्याचा वास आला. पार अंगणापर्यंत. मी धावत आत गेले, तर आई त्याच पातेल्याशेजारी निवांत लसूण सोलत बसलेली. मी पातेलं खाली उतरवलं. ती आधी पातेल्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहराच उतरला.

"उन्हाळ्यात ताप आला होता ना," ती हळूच म्हणाली, "तवापासून वास नाई, चव नाई. गूळ खाल्ला काय अन् माती खाल्ली काय, सारखंच. तुया दादाले सांगू नको. त्याले निमित्तच पाहिजे. चूल गेली तर मी करू काय दिवसभर?"

"अन् वहिनी?"

"तिनंच तर झाकून ठेवलं, बिचारीनं. पण तिचं सगळं चांगलंच असते. काही भी रांधा, चांगलं झालं! पटत नाई मले. म्हणून चमचे." मग पळी माझ्यापुढे धरली. "तू खवट तोंडाची. हे चाख, अन् खरं सांग."

मी चाखलं. "तिखट जास्त झालं. अन् खोबरं कच्चं राह्यलं."

"हाव! आता कसं!" आई खुदकन हसली आणि पुन्हा चुलीकडे वळली. पाहुणे बोटं चाटत जेवले. दादाने स्वयंपाक्याचं नावही काढलं नाही. मला मात्र वहिनीशी धड दोन शब्द बोलायला संध्याकाळ झाली. लाजच वाटत होती.

तेव्हापासून माझ्याकडे एसटीने डबा येतो. खायचं, लगेच खोट काढायची. मोहरी करपली, चिंच जास्त झाली, मीठ कमी पडलं. आई फोनवर ऐकते, कडाकडा भांडते आणि खूश होते.

परवा वांग्याची भाजी आली. पहिला घास तोंडात घातला, तो गिळवेना. नुसतं मीठ. दोनदा पडलं असेल, कदाचित तीनदाही. घातलं की नाही हेच आठवत नसेल, तर चमचे तरी काय करणार? वहिनीच्या नजरेतून सुटून असलीच भाजी दादाच्या पानात पडली तर?

फोन वाजला.

"कशी झाली?"

आयुष्यात मी कधी जीभ आवरली नाही. त्या दिवशी आवरली.

"चांगली झाली," म्हटलं.

पलीकडून ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "इतकी बिघडली काय वं?"