काकूंची कॅसेट आणि चार पिनांचं पोर्ट

"झालं काका," असं मी म्हणालो, तेव्हा काहीच झालेलं नव्हतं.

लॅपटॉपवर चार फोटो आले होते. काकांना हवं होतं कॅसेटवरचं शूटिंग. अंबडच्या कारखान्यातून रिटायर झालेले सानपकाका पंचवटीत एकटे राहायचे. व्हिडिओ कॅमेरा आणि लॅपटॉप दोन्ही अमेरिकेतल्या मुलाने दिलेले. कॅसेटवर काकू होत्या. काकूंना जाऊन आठ महिने झाले होते आणि कॅमेऱ्याचा स्क्रीन, स्पीकर दोन्ही बंद पडलेले.

"चित्र नाही आलं तरी चालेल. आवाज तेवढा बघा," काका म्हणाले.

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. यूएसबी वायर दोन्हीकडे बसली, म्हणून मी खूश. पण त्या कॅमेऱ्यातून यूएसबीने फक्त मेमरी कार्डावरचे फोटो यायचे. टेपवरचं शूटिंग यायचं फायरवायर नावाच्या वेगळ्या पोर्टमधून, आणि ते लॅपटॉपला नव्हतंच. वायर बसली म्हणजे हवं ते येईलच, असं नसतं.

मग लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत बसणारं फायरवायर कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलं. कार्डाचं पोर्ट निघालं सहा पिनांचं. माझी वायर दोन्हीकडून चार पिनांची. पुन्हा मुंबईला फोन. तीन आठवडे असेच गेले. काका रोज सकाळी दुकानात डोकावायचे. "आली का हो?" हळूहळू तेही विचारेनासे झाले; नुसतेच डोकावायचे.

शेवटी नवी वायर आली, ती घेऊन काकांकडे गेलो. काकांनी कॅमेऱ्याचा खोका पुढे केला. तळाशी पिवळ्या, पांढऱ्या, लाल टोकांची वायर होती.

"ही कशाची?" काकांनी विचारलं.

"टीव्हीला लावायची."

"मग लावा की."

टीव्ही त्याच खोलीत होता. दर वेळी मी त्याच्याकडेच पाठ करून बसत होतो.

काकू दिसल्या. मेथी निवडत होत्या. "अहो, बंद करा ते. निम्मी जुडी तुम्ही घ्या." एवढंच. काका खुर्चीतून उठून टीव्हीपुढे जमिनीवर बसले. "परत लावा," म्हणाले. कॅसेट पाच वेळा लावली.

तेव्हापासून मी आधी माणसाला काय हवंय ते विचारतो, पोर्ट नंतर बघतो.

त्या रात्री घरी हे सगळं बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "घरात एवढ्या वायरी आहेत. माझा आवाज आहे का हो कशात?"