सुटलेल्या तारांचं मीटर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या मळ्याच्या कुंपणाला बांधलेलं लिंबू-मिरची मी बारावीत असताना स्वतः काढून फेकलं होतं, त्यावरून आईने अबोला धरला होता. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... पण जे पाहिलं ते असं.

आमचं गाव चांदूर बाजारजवळ. घरी झेंडूचा मळा. कॉलेजपर्यंत पोचलेला घरातला मी पहिलाच. अमरावतीला इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला सरांनी मला आणि आशुतोषला एक प्रोजेक्ट दिला. अकोल्याबाहेर, बार्शीटाकळी रोडवर, एक बंद तेलगिरणी आहे. तिच्या आवारात नॅरो गेजचं छोटं, जुनं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन उभं होतं – पूर्वी सरकीचे डबे ओढायचं. आत डिझेलवर जनरेटर फिरतो आणि त्याच्या विजेवर चाकांच्या मोटारी. खंडेनवमीला, पूजेच्या दिवशी, ते पुन्हा चालवून दाखवायचं होतं. केबिन एवढीशी, चालवायचं हँडल एकानेच धरायचं. तो कोण, हे सर ठरवणार होते. मला ते हँडल हवं होतं... खूप हवं होतं.

आशुतोष अकोल्यातल्याच जठारपेठेतला. वडील वकील, आजोबा वकील. तो बोलायला लागला की माणसं ऐकतात. मी बोलायला लागलो की सर म्हणतात, "जरा मोठ्याने."

केबिनमध्ये करंट दाखवणारं काट्याचं जुनं मीटर होतं. काम सुरू करताना मीच त्याच्या दोन्ही तारा सोडवून टोकांना टेप गुंडाळली. शेजारी नवीन डिजिटल मीटर बसवलं. जुनं नुसतं शोभेला ठेवलं.

एका दुपारी गिरणीचे मालक आले. मी घासून लख्ख केलेली मोटार बघून त्यांनी शाबासकी दिली ती आशुतोषला. माझ्या मनात आग पेटली – आणि समोरच्या मीटरचा काटा हळूहळू वर सरकला, अर्ध्यावर जाऊन थांबला. इंजिन बंद, बॅटरी काढलेली.

"अबे, तार जोडली का तू?" आशुतोषने विचारलं. मी सुटलेली टोकं दाखवली.

सर म्हणाले, स्प्रिंग अडकली असेल. मी काच ठोकून पाहिली, मीटर उघडून पाहिलं. काही सापडलं नाही. आशुतोषचं कौतुक झालं की काटा चढायचा. हे मी कुणाला सांगणार?

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर कडुलिंबाखाली बसून घरी फोन करायचो, काय काय केलं ते बाबांना सांगायचो. आशुतोष केबिनमध्येच डबा खायचा.

खंडेनवमीला सरांनी सांगितलं – हँडल आशुतोष धरेल, मी जनरेटरपाशी थांबायचं. काटा थेट टोकाला टेकला. कुणाला दिसू नये म्हणून मी काचेवर तळहात ठेवला.

तेवढ्यात बाबा आले, मळ्यातल्या झेंडूचे हार घेऊन. मी काय शिकतो ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना केबिनच्या पायरीवर चढवलं, सगळं दाखवलं. बोलता बोलता काटा शून्यावर आला होता.

"ह्या तारा तू जोडल्या?"

"हो."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मंग चालतेच."

त्या क्षणी माझ्या मनात कसलीच आग नव्हती, खरंच. तरी काटा पुन्हा चढू लागला. मी आशुतोषकडे पाहिलं. तो बाबांच्या हाताकडे बघत होता. त्याच्या घरून कुणी आलं नव्हतं. कोर्टाला सुट्टी होती, आणि जठारपेठ काही लांब नाही.

बाबा हार घालायला खाली उतरले, तसा तो हळूच म्हणाला, "तू घरी फोन लावतं ना, तवा हालते हे. रोज. मले वाटे, मलेच दिसते."

"मलेई दिसते," मी एवढंच म्हणालो.

हँडल त्यानेच धरलं. इंजिन धक्का देऊन पुढे सरकलं, टाळ्या वाजल्या. जनरेटरपासून मला केबिनमधली दोन्ही मीटरं दिसत होती; डिजिटलवर आकडे पळत होते. जुना काटा मात्र शून्यावर होता... आम्ही दोघांनीही आधी तोच पाहिला.

मालकांना ते मीटर नको होतं, म्हणून मी मागून घेतलं. सर अजूनही स्प्रिंगच म्हणतात. असेलही. मला कारण सापडलेलं नाही.

मागच्या महिन्यात आशुतोषला पुण्यात नोकरी लागली. मला अजून नाही. मी फोन करून त्याचं अभिनंदन केलं, अगदी मनापासून... पण फोन लावण्याआधी मीटर भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.