ब्रेकमधली हवा

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, आमची जुनी गाडी मारतहळ्ळीच्या सोसायटीच्या फाटकावर ठोकली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ब्रेक लागला नाही." बेळगावकडे तीस वर्षं बस चालवलेला माणूस. मी मात्र त्यांच्या वयाकडे बघितलं आणि चावी काढून घेतली. तेव्हापासून ते भाजीलाही पायी जायचे. बोलणंही कमी झालं होतं.

आठवड्याभराने महादेवपुऱ्याच्या सिग्नलला माझाच पाय पेडलसकट खाली गेला. हँडब्रेक ओढला म्हणून पुढची ऑटो वाचली. घरी मी कुणाला काही बोललो नाही.

ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की पेडल असं खाली बसतं, म्हणून रविवारी ती हवा काढायला बसलो. या कामाला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. बायको माहेरी गेलेली, म्हणून नाइलाजाने अप्पांना खाली बोलावलं. चावी त्यांच्या हाती न देता दार मीच उघडलं, इतका मी शहाणा.

मागचं चाक काढलं, ब्रेकच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या बोल्टला, पारदर्शक नळी लावली आणि तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं. "दाबा. धरून ठेवा." निपल सैल केला तर नळीतून नुसते बुडबुडे. घट्ट केला. "सोडा." मी सांगेपर्यंत अप्पांचा पाय एकदाही हलला नाही.

बुडबुडे बघून मला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी ब्रेक ऑइल मीच बदललं होतं, गॅरेजवाल्यांना काय कळतंय म्हणत. बायको पेडलवर, माझ्या कानात इअरफोन आणि ऑफिसची मीटिंग चालू. 'माझा आवाज येतोय ना?' विचारत राहिलो आणि तेवढ्यात ऑइलची टाकी रिकामी झाली, म्हणजे हवा तेव्हाच आत शिरली. ती परत भरून झाकण लावलं. नंतर पेडल जरा मऊ लागायचं, पण गाडी जुनी आहे म्हणून सोडून दिलं.

चारही चाकं झाल्यावर पेडल टणक लागलं. अप्पा उतरले.

"अप्पा, ती हवा माझ्या हातून आत गेली होती. तुमचा पाय चुकला नव्हता."

"ठाऊक आहे मला."

"मग बोलला का नाहीत?"

"सांगितलो होतो की. त्याच दिवशी."

मला लाज वाटली. खिशातून चावी काढून पुढे केली. त्यांनी माझ्या ऑइलने माखलेल्या हाताकडे बघितलं.

"आधी हात पूस स्वल्प," ते म्हणाले, "मग दे."