बोटातलं चाक

"वढलं कुणी बे?"

मोडलेला, मुरगळलेला कुठलाही हात दारात आला की घाटनांदूरचे आमचे हाडवैद्य आधी हेच ओरडायचे. दुखलं की ओढायचं ही गावाची खोड, आणि ओढणाऱ्यावर त्यांचा भयंकर राग. तापट माणसं तुम्हीही पाहिली असतील; पण दुसऱ्याच्या दुखण्यावर एवढं चिडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"मोटंचा नाडा चाकावरनं फिरतो ना? तशीच बोटातली शीर. आत चाकं हायती म्हणून ती हाडाला धरून ऱ्हाते," ते सांगायचे.

एकदा त्यांच्याच उजव्या तर्जनीत पू झाला. ते स्वतः चाकू कधी धरत नसत, म्हणून निजाम सरकारच्या दवाखान्यात आले. डॉक्टरांना मराठी येत नव्हती. मी तिथं कारकून. रोग्यांचं बोलणं उर्दूत करून सांगायचो.

"पू काढा म्हणावं. पण चाकाचं बघा म्हणावं, चाकाचं!"

मी ऐटीत सांगितलं, "साहब, चाक का खयाल रखिए."

"हाँ हाँ, चाक ही तो करना है."

उर्दूत चाक म्हणजे चीर. मला ते ठाऊक होतं. आपल्या चाकाला चर्खी म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडेपर्यंत बोट मुळापासून उभं चिरलं गेलं होतं.

जखम भरली. पण बोट मिटताना शीर हाड सोडून कातडीखाली वर यायची. ज्या बोटाला हाडं कळायची, ते आता काही धरीना. स्वतःच्या गावात स्वतःचं दुखणं परक्या भाषेत सांगायला लावणाऱ्या दरबाराचा मला अजून संताप येतो. माझ्या ऐटीचा त्याहून जास्त येतो.

माफी मागायला गेलो.

"दोन भाषा येत्यात तुला. एक तरी नीट कावून बोलला न्हाईस बे?"

तेवढ्यात एक बाई निखळलेलं कोपर धरून आली. ते तिच्यावरही उसळले. "हितं कावून आलीस? दवाखान्यात जा. तिथं उर्दूत रड!"

बाई हलली नाही. शेवटी त्यांनी कोपर चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"न्हाई कळत," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "हिला घिऊन जा. कोपरातबी चाक हाय. ह्या येळी नीट सांग."

दवाखान्यात मी चर्खी म्हणालो, तीनदा म्हणालो. बाईचं कोपर बसलं. ते सांगायला धावत परत गेलो, तर दाराला कुलूप. गाव सोडून गेले, ते पुन्हा आले नाहीत.