दीड एचपीचा पंप

इब्रामपूरच्या चंद्रावतीचे अबोलीचे वळेसर पेडण्याच्या बाजारात बायका विचारून घ्यायच्या. घट्ट गुंफलेले, केळीच्या सोपटात बांधलेले, दुसऱ्या दिवशीही मान न टाकणारे. घरामागच्या उतारावर तिने अबोली लावली होती, खाली शेवंती आणि कडेकडेने तांबडी भाजी. नवरा महादेव डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. तो गेल्यावर याच परसाने तिला उभं ठेवलं.

पण फाल्गुन लागला की विहीर तळाला जायची. नळाचं पाणी आलं तर आलं. म्हणून महादेवच्या मागे तिने एकच मोठं काम अंगावर घेतलं. घराच्या मागे, परसाच्या वरच्या अंगाला, जमिनीत खोल, चिऱ्यांची ऐसपैस टाकी बांधून घेतली. कौलांवरचं सगळं पाणी पन्हळीतून त्या टाकीत उतरायचं. पावसाळा सरला की टाकी काठोकाठ भरलेली असायची. बेताने वापरलं तर ते पाणी वैशाखापर्यंत पुरायचं, आणि चंद्रावतीला बेताने वापरणं ठाऊक होतं. ती बादलीने पाणी काढून एकेका आळ्यात ओतायची.

मग गुडघ्यांनी दगा दिला. वाळपईला दिलेली लेक गौरवी सारखी मागे लागली, आई, आता पंप घे. चंद्रावतीला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने शिवदासला हाक मारली.

शिवदास तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जायचा. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्याला जेवू घालणं, तापात रात्र काढणं, शाळेची चड्डी शिवणं, सगळं या नव्या नवरीकडे आलं. पुढे महादेवने त्याला आपल्याच खाणीवर चिकटवला. खाणी बंद पडल्यावर त्याने बरेच उद्योग करून पाहिले आणि शेवटी घराच्या वर, टेकाडावर, काजूच्या बागेत तीन खोल्या बांधल्या. मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या गर्दीला कंटाळलेले पर्यटक तिथे येऊन राहू लागले. चंद्रावतीला त्याचं कौतुक होतं. लोकांना ती सांगायची, आमच्या शिवदासने नाव काढलं.

दिवाळी झाल्यावर दोघं पेडण्याला पंपाच्या दुकानात गेली. दुकानदाराने विचारलं, टाकी कुठे, बाग कुठे, पाणी किती चढवायचं? चंद्रावती म्हणाली, चढवायचं कुठे, बाग टाकीच्या खालीच आहे. त्याने फळीवरून एक छोटा पंप काढून समोर ठेवला. अर्ध्या एचपीचा. बाई, तुम्हाला हा पुरे, मोठा घ्याल तर जोराने रोपं उपटून टाकील आणि टाकीही लवकर रिकामी करील, असं त्याने समजावलं. चंद्रावतीने तो एका हाताने उचलून पाहिला. तिला तो आवडला.

शिवदास हसला. एवढासा पंप दोन वर्षांत जळेल, उद्या बाग वाढवायची झाली तर परत खर्च, घ्यायचा तर दीड एचपीचा घ्यावा, असं त्याचं म्हणणं. दुकानदाराने पुन्हा विचारलं, पण पाणी चढवायचंय कुठे? ते मी मागाहून सांगतो, म्हणाला शिवदास. मग वहिनीकडे वळून म्हणाला, "तू काय काळजी करू नको, वयनी. मी आसय मगे."

तिने काळजी केली नाही. तो बिल करून घेईपर्यंत ती कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे उंडे आणायला गेली.

पंप बसवायलाही शिवदासच राबला. टाकीजवळ छोटी शेड घातली, पाइपासाठी स्वतः चर खणला. उन्हात घामाघूम झालेल्या दिराला तिने चहा नेऊन दिला, उंडा बुडवून खाताना त्याच्याजवळ बसून राहिली. पंप सुरू झाला तेव्हा पाणी असं उसळलं की तांबड्या भाजीची रोपं आडवी झाली. शिवदासने कॉक अर्धा बंद करून दिला. ती तेवढं शिकली आणि समाधानी राहिली.

माघात गौरवीचं दुसरं बाळंतपण होतं. थोरल्याची शाळा, म्हणून ती माहेरी येऊ शकत नव्हती, आईलाच वाळपईला जावं लागणार होतं. चंद्रावतीचा पाय निघेना. ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला बाग कुणावर टाकायची? शिवदास म्हणाला, घाई करू नको, बाळंतिणीला नीट उभी करून ये, पाणी मी घालतो. तिने शेडची चावी त्याच्या हातात दिली.

वाळपईहून ती फोन करायची. सगळं बरं आहे, फुलं भरपूर येतात, तो सांगायचा. नातवाला मांडीवर घेऊन ती निर्धास्त बसायची.

चैत्रात ती परत आली. पिशवी ओसरीवर टाकून तशीच मागे गेली. अबोली उभीच्या उभी वाळली होती. पान हातात घेतलं तर चुरा झाला. शेवंतीच्या जागी नुसत्या काड्या. टाकीचं झाकण सरकवलं तर तळाला चिखल आणि त्यात एक मेलेला बेडूक.

शिवदास हळहळला. टाकी झिरपली असणार, त्याने सांगितलं, वयनी, तुला वाईट वाटेल म्हणून फोनवर बोललो नाही. तिचा विश्वास बसला. उलट तिलाच अपराधी वाटलं, की आपण बांधलेल्या टाकीने त्याला तोंडघशी पाडलं.

तिने दोडामार्गहून गवंडी बोलावला. तो शिडी लावून आत उतरला, चिखल काढला, भिंती ठोकून पाहिल्या, कोपरे खरवडले आणि वर येऊन म्हणाला, "बाय, टाकी धड आसा. पाणी झिरपाक नाय."

गवंडी गेल्यावर ती शेडपाशी बसली. शेडच्या मागे पालापाचोळा साचला होता, तो हाताने ओढताना तिला पाइपाला फुटलेला दुसरा फाटा दिसला. त्यालाही कॉक होता. तिथून पाइप जमिनीत शिरला होता. तिने काठी घेतली आणि पाला बाजूला सारत त्याच्या मागे चालू लागली. पाइप बागेकडे जात नव्हता. टेकाड चढत होता, काजूच्या झाडांखालून, कुंपणातून, थेट शिवदासच्या खोल्यांच्या मागे ठेवलेल्या काळ्या टाकीपर्यंत.

खोल्यांपुढे हिरवीगार लॉन होती. एक पाहुणा तिथे पाय पसरून पडला होता. शिवदासची बायको स्नेहा चादरी वाळत घालत होती. जावेच्या हातातली काठी आणि मातीने भरलेली बोटं पाहून तिचे हात थांबले. ती गडबडून म्हणाली, त्यांनी मला सांगितलं होतं, वयनीनेच घे म्हटलंय. तिच्या चेहऱ्यावरून चंद्रावतीला कळलं की ती खोटं बोलत नाही.

आवाज ऐकून शिवदास बाहेर आला. पाइपाकडे त्याने पाहिलंच नाही.

"माका इचारलं असतस, तर मी नाय म्हटलं असतं?" चंद्रावतीने विचारलं.

तो वाळत घातलेली चादर सारखी करू लागला. मग म्हणाला, "पावसाचा पाणी मां ता, वयनी. पुढच्या पावसात टाकी परत भरतली."

ती काठी टेकत उतार उतरली.

पाण्यापेक्षा दुसरंच तिला खात होतं. ओसरीच्या खांबाला टेकून ती एकेक आठवत राहिली. दीड एचपी त्याला का हवा होता. चर तो एकटाच का खणत होता, गडी का घेतला नाही. घाई करू नको, सावकाश ये, असं म्हणताना त्याच्या मनात काय होतं. दुकानात जाण्याआधीच त्याने सगळं ठरवलं होतं, आणि त्या चराच्या काठावर बसून तिने त्याला चहा पाजला होता.

गौरवी फोनवर भडकली, पंचायतीत जाऊया म्हणाली. चंद्रावतीने नको सांगितलं. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावून तिने तो फाटा कापून घेतला, भोक बुजवलं. मोठा पंप उचलवून शिवदासच्या पायरीवर ठेवायला लावला. मग काथ्याच्या दोरीने टाकीपासून शेवटच्या आळ्यापर्यंतचं अंतर मापलं आणि दोरी पिशवीत घालून एकटीच पेडण्याला गेली.

दुकानदाराने तिला ओळखलं. वरच्या खोल्यांचं काम झालं का, त्याने सहज विचारलं. तुमचे दीर म्हणाले होते, वहिनी टेकाडावर खोल्या बांधतेय, पाणी तिथवर चढायला हवं, म्हणून तर मी मोठा दिला.

आपलं नावही शिवदासने वापरलं होतं. चंद्रावतीने दुकानदाराला खरं सांगितलं नाही. घरातली गोष्ट दुकानात कशी सांगणार? तिने दोरी काउंटरवर सोडली आणि म्हणाली, इतक्या लांबीचं, आणि चढ अजिबात नाही. त्याने अर्ध्या एचपीचा पंप काढून दिला. मांडीवर घेऊनच ती बसने घरी आली.

पाऊस पडला, टाकी भरली. पार्से गावच्या एका ओळखीच्या बाईने अबोलीची रोपं दिली, ती तिने पहिल्या उघडिपीत लावली. शेडची चावी आता तिच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्यात काळ्या दोऱ्याला असायची.

चवथीला घराण्याचा गणपती शिवदासकडे बसतो. चंद्रावती गेली नाही असं कधी झालं नव्हतं, याही वर्षी गेली. गणपतीवर टांगायच्या फळांच्या माटोळीला बांधायला परसातली काकडीसारखी तवशी नेली, आरतीला उभी राहिली, स्नेहाबरोबर हळदीच्या पानांतल्या पातोळ्या केल्या. स्नेहा दोनदा रडली. जेवणं झाल्यावर सगळे ओसरीवर बसले असताना शिवदास तिच्यासमोर आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण माणसांत ते जमेना. शेवटी त्याने विचारलं, "वयनी, च्या घेतंस?"

"नको," ती म्हणाली. "तुमी घेवा."

ओसरीवरचं बोलणं थांबलं. नाक पुसून मोठ्या केलेल्या दिराला तिने जन्मात कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. शिवदास वळून आत गेला. चंद्रावतीने देवाला नमस्कार केला, छत्री उघडली आणि घरी गेली.

अजूनही रस्त्यात भेटला तर ती त्याची विचारपूस करते. बरे आसात मां, असं विचारते.