चांगल्या हाताला पट्टा

धारूरच्या डोंगरपट्टीतल्या त्या गावात भिवराबाईला बघून शहाणी माणसं वाट बदलायची. बाई वाईट नव्हती. गोड बोलायची, अडल्यानडल्याला धावून जायची. पण समोरच्यानं काहीही सांगितलं की ती विचारायची, "कावून?" गुरवानं सांगितलं, आज नारळ फोडू नका. कावून? मुकादमानं सांगितलं, ऊस पार जमिनीला धरून तोडा. कावून? मुकादम वैतागून म्हणाला, साखर बुडख्यात असते म्हणून. भिवराबाईनं तिथंच एक ऊस घेतला, बुडख्याचं कांडं चघळलं, शेंड्याचं चघळलं आणि म्हणाली की खरंय. मुकादमानं कपाळावर हात मारून घेतला.

आईबापाच्या मागं ऊसतोडीला जाता जाता तिची शाळा चौथीतच सुटली होती. सही मात्र झोकात करायची. नवरा शहादेव तिच्या अगदी उलट, अबोल. जन्मभर तिच्या सगळ्या प्रश्नांना त्याचं एकच उत्तर, "असंल." दोघांचं छान जमायचं. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मोजताना माणसं मोजतच नाहीत, कोयते मोजतात. भिवराबाई आणि शहादेव हा त्यांच्या टोळीतला जुना, भरवशाचा कोयता होता.

यंदा हंगाम संपवून परत आल्यावर एका सकाळी वैरण टाकता टाकता शहादेवचा उजवा हात लोंबकळला, तोंड वाकडं झालं आणि जीभ जड पडली. दारात माणसं जमली. वारं गेलं, लकवा मारला, ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. धाकटा दीर अभिमन्यू कुठून तरी कबुतर घेऊन आला. लकव्याला कबुतराचं रक्त चोळतात, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. भिवराबाई रडत होती, पण रडता रडताही तिनं विचारलंच, कबुतराचंच कावून? ते गरम असतंय, असं अभिमन्यूनं सांगितलं. मग कोंबडीचं काय थंड असतं का, असं तिनं विचारलं. कबुतर सुटलं आणि शहादेवला जीपमध्ये घातलं. तरी या वादावादीत आणि जीप मिळण्यात बराच वेळ गेला. अंबाजोगाईतल्या एका दवाखान्यात पोचेपर्यंत रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.

तिथं तिला डॉक्टर सुकन्या भेटली. तरुण पोर, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. तिनं भिवराबाईला बाजूला बसवून समजावलं. डोक्यातली एक नस तुंबली आहे. ज्या भागाचं रक्त पार तुटलं तो गेला. पण त्याच्या कडेचा भाग अजून जिवंत आहे, पाण्यावाचून कोमेजलेल्या पिकासारखा. तो जगवता येतो का, याचा शोध आम्ही घेतोय. आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून भिवराबाई रडायची थांबली. शहादेवच्या चांगल्या हाताला एक पट्टा बांधायचा, रक्तदाब मोजतात तसला. तो फुगून हात आवळणार, थोडा वेळ रक्त अडवणार, मग सोडणार. पुन्हा आवळणार, पुन्हा सोडणार. हे रोज करायचं.

दुखणं डोक्यात, अधू झाला उजवा हात, आणि दाबायचा डावा? भिवराबाईच्या तोंडून "कावून" निघायच्या आत सुकन्याच सांगू लागली. हाताचं रक्त थोडा वेळ तुटलं की तो हात सगळ्या अंगाला सावध करतो, संकट आलंय, सोसायची तयारी ठेवा म्हणून. तो सांगावा मेंदूपर्यंत जातो, असं दिसतं. रक्तातून जातो की मज्जातंतूंतून, हे अजून नीट कळलेलं नाही. त्याचा माणसाला किती उपयोग होतो, तेही पक्कं नाही. म्हणून तर हा अभ्यास. काही रोग्यांना पट्टा पुरता आवळेल, काहींना नुसता हलका फुगेल. कुणाला कोणता, ते रोग्याला सांगत नाहीत, आणि सुधारणा मोजायचं काम माझं, म्हणून मलाही सांगत नाहीत. बाकीची औषधं सगळ्यांना सारखीच. पटलं तर सही करा, नाही केली तरी उपचार होणारच.

शिकलेल्या माणसानं आपल्याला अजून कळलेलं नाही, असं तोंडावर कबूल करावं, हे भिवराबाईच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिला ती पोर फार आवडली. शहादेवनं मान हलवली, हिनं झोकात सही केली.

पुढचे दिवस तिनं त्या पट्ट्याकडं बघण्यात घालवले. दुसरी बाई असती तर पोथी वाचत बसली असती. शेजारच्या खाटेवर तलवाड्याचे अर्जुनराव होते. त्यांचंही अर्धं अंग गेलेलं, तेही याच अभ्यासात. त्यांची बायको कौशल्याबाई दिवसभर पदरानं वारा घालायची. पट्टा फुगला की अर्जुनराव तोंड वेडंवाकडं करायचे आणि त्यांचा पंजा पांढराफटक पडायचा. शहादेव मात्र पट्टा फुगल्यावर खुशाल घोरायचा. भिवराबाईनं एकदा पट्ट्याखाली बोट घातलं. ते अलगद आत गेलं. पंजा तसाच लालभडक.

म्हणजे खरा पट्टा अर्जुनरावांना, आणि आपल्या माणसाला नुसतं खेळणं. तिला कुणाचा राग आला नाही. दोन्ही गोष्टी सही करायच्या आधीच सांगितल्या होत्या. पण उजवा हात आला नाही तर? अर्ध्या कोयत्याला कोण विचारतं? आणि विचारलं तरी शहादेवला घरात एकट्याला टाकून ती दुसऱ्या कुणाबरोबर फडात जाणार होती? तो विचारसुद्धा तिला सोसवेना.

उसाची मोळी बांधायला दोरी लागत नाही. शेंड्याचे हिरवे वाढे पिळायचे, त्याचा आळा करायचा, मोळीला वेढा घालून आणखी एक पीळ द्यायचा. घट्ट बसतो आणि एका हिसक्यानं सुटतो. हा आळा भिवराबाईच्या बोटांत बसलेला. दुपारी सिस्टर चहाला गेली तशी तिनं जुन्या लुगड्याची पट्टी शहादेवच्या डाव्या दंडाला गुंडाळली, पीळ दिला, पंजा पांढरा पडेपर्यंत. थोडा वेळ ठेवून सोडला. पुन्हा आवळला. शहादेव कण्हला, पण बायकोच्या कामात त्यानं आजवर कधी आडकाठी केली नव्हती. रोज दुपारी हे चालू झालं.

चौथ्यापाचव्या दिवशी सुकन्यानं तपासताना दंडावरचा काळानिळा वळ बघितला. तिनं विचारलं आणि भिवराबाईनं सगळं सांगून टाकलं, आळा कसा देतात तेही करून दाखवलं. तिला वाटलं, पोर रागावेल. पोर खाटेच्या कडेवर मटकन बसली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना असं आवळलं तर आत रक्त साकळू शकतं, हात जाऊ शकतो, हे तिनं सांगितलं. भिवराबाईचा चेहरा उतरला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत. मग सुकन्या हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आता हे मला अभ्यास चालवणाऱ्यांना कळवावं लागेल. काकांना कुणी अभ्यासातून काढून टाकणार नाही, औषधपाणी तसंच चालेल. पण उद्या त्यांचा हात सुधारला, तर तो कशानं सुधारला हे कुणालाच सांगता येणार नाही. मला नाही आणि तुम्हालाही नाही."

"त्या पट्ट्यानं का माज्या आळ्यानं, येवढं तरी?"

"तेही नाही. पुष्कळांचा हात आपसूकही येतो. म्हणून तर खरा पट्टा आणि हलका पट्टा असे दोन गट ताडून बघतो, आणि मध्ये कुणी दुसरं काही करायचं नसतं."

दुपारची पट्टी बंद झाली. नंतर दोनेक दिवसांनी पंखा जोरात फिरत होता आणि शहादेवनं पायावरची चादर ओढून घेतली. उजव्या हातानं. त्याचं त्यालाही कळलं नाही. भिवराबाईनं बघितलं आणि तोंडात पदर कोंबून ती रडली. पुढं बोटांनी पकड धरली, जीभ सुटली. सुकन्या खूश, सिस्टर खूश. अभिमन्यूनं गावाकडून फोनवर विचारलं की कबुतर नको ना आता.

भिवराबाईला आनंद झाला, खूप झाला. पण आनंदात बसली की आतून कुणीतरी कुरतडायला लागायचं. नवऱ्याचा हात धरून ती बोटं उलटीपालटी करून बघायची. शहादेवला ती विचारायची, तुमाला काय वाटतं, कशानं आला? तो म्हणायचा, "असंल." कशानं असंल, ते मात्र कुणीच सांगू शकत नव्हतं. जन्मभर लोकांची उत्तरं ओढून काढणाऱ्या बाईनं स्वतःच्या घरातलं सगळ्यात मोठं उत्तर आपल्याच बोटांनी आवळून मारलं होतं. हे तिला कळत होतं आणि ते तिला फार लागत होतं.

घरी जायच्या दिवशी ती पिशव्या भरत असताना कौशल्याबाई जवळ आली. अर्जुनरावांचा हात अजून तसाच होता. तिनं आजूबाजूला बघितलं आणि पदराखालून लुगड्याची फाडलेली पट्टी काढली.

"आक्का, मी बघितलं हाय तुमाला बांधताना. मला शिकवा."

भिवराबाईनं तिला वळ दाखवला, हात जाऊ शकतो हे सांगितलं, डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. कौशल्याबाईच्या डोळ्यात पाणी आलं. "तुमच्या मालकाचा हात आला. तुमाला काय जातंय न्हाई म्हणायला."

खरंच होतं ते. भिवराबाईनं ती पट्टी कौशल्याबाईच्या हातातून घेतली, घडी घातली, पण परत दिली नाही.

"माज्या मालकाचा हात कशानं आला, ते मला मरस्तोवर कळायचं न्हाई, बाई," ती म्हणाली. "तुज्या मालकाचं तरी कुणाला कळू दे."